सगळ्यांना फाईव्ह नाईन

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, स्पर्धांत एक खोटं सगळे राजरोस बोलतात. समोरच्या स्टेशनचा आवाज कसा येतोय, हे दोन आकड्यांत सांगायचं असतं. पहिला आकडा स्पष्टपणाचा, पाचपैकी. दुसरा जोराचा, नऊपैकी. म्हणजे फाईव्ह नाईन हा एकदम खणखणीत. आणि स्पर्धेत सगळ्यांना फाईव्ह नाईनच द्यायचा. विहिरीच्या तळातून कण्हल्यासारखा आवाज येत असला, तरीही फाईव्ह नाईन. कारण वेगळा आकडा लिहायचा म्हणजे हात थबकतो, आणि जास्तीत जास्त स्टेशनं गाठायच्या या शर्यतीत हात थबकला की एक स्टेशन हुकतं.

आमच्या सरांना याचा भयंकर राग होता. ते पूर्वी पोस्टात तारमास्तर होते. दर रविवारी आमच्या कॉलेजात येऊन हौशी पोरापोरींना मोर्स शिकवायचे. त्या वर्गातून परवाना काढून टिकून राहिलेली मी एकटीच. आता मी त्याच कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. सर निवृत्त होऊन अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या आपल्या गावी गेले आणि मी इथे श्रीरामपुरात. दर रविवारी सकाळी सातला आम्ही रेडिओवर गप्पा मारायचो. कित्येक वर्षं हा नेम. पहिल्याच दिवशी त्यांनी दरडावलं होतं, "रिपोर्ट खोटा द्यायचा नाही. आपला आवाज कसा जातोय हे आपल्याला कधीच कळत नाही, पोरी. ते समोरच्यानंच सांगायचं असतं."

माझं स्टेशन म्हणाल तर काय? गच्चीवरची खोली, जुना घेतलेला सेट, आणि पाण्याच्या टाकीपासून शेजाऱ्यांच्या कडुनिंबापर्यंत ताणलेली तार, तीच अँटेना. शेजारणीनं मिक्सर लावला की माझ्या कानात खरखर. एवढ्यावर मी स्पर्धेत उतरायची. आणि काय सांगू, चटकच लागली! मोठ्या मनोऱ्यांची, भारी सेटची माणसं मागे टाकून आपला नंबर वर गेला की मूठभर मांस चढायचं अंगावर. आमचे हे म्हणायचे, "त्या सर्टिफिकेटवर काय पोळ्या भाजणार आहेस?" म्हणायचे, पण चहा वर आणून द्यायचे.

एका रविवारी स्पर्धा होती. सात वाजता सर आले आणि निवांत त्यांच्या भाताच्या खाचरांबद्दल सांगू लागले. मी म्हटलं, "सर, आज आवरतं घेऊ, स्पर्धा आहे." ते चिडले. "ही कसली गं बोलणी? बाजारात लिलाव चाललाय का? आकडा फेकायचा न् पुढं!" मलाही राग आला. माझी जीभ मेली काळी. म्हणून गेले, "तुम्हाला जमत नाही म्हणून नावं ठेवता, सर. नाचता येईना अंगण वाकडं."

ऐकणारे चारजण असतात रेडिओवर. मग सरांनी नेहमीसारखा निरोप घेतला आणि सेट बंद केला. पुढचे काही रविवार मीही फुगून बसले, सेट लावलाच नाही. तोवर पावसाळा लागला. तिकडे अकोल्यात पाऊस म्हणजे काय ते तिकडच्यांनाच विचारावं. सरांची तार तुटली, असं कोणाकडून तरी कळलं.

दिवाळीनंतर मोठी स्पर्धा होती. दुपारचे तीन वाजलेले, माझी स्टेशनं शंभराच्या पुढे गेलेली, आणि मी नुसती सुटले होते. स्पर्धेत रिपोर्टबरोबर आपला अनुक्रमांकही द्यायचा असतो, पहिल्या स्टेशनला एक, दुसऱ्याला दोन. तेवढ्यात खरखरीच्या तळातून एक आवाज आला. कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं सांकेतिक नाव, निम्मंच ऐकू आलं, पण म्हणण्याची लकब ओळखीची. सर! स्पर्धेत! मी नंबर विचारला. कळला नाही. पुन्हा विचारला.

"झीरो झीरो वन," सर म्हणाले. आणि मग नियमाबाहेरचं, मराठीत, "पोरी, तार नवी टाकलीय. खरं सांग, कसा येतोय?"

"फाईव्ह नाईन, सर! वन वन टू! थँक यू!" मी म्हटलं, आणि लगेच पुढच्याला हाक मारली.

दोनदा नंबर विचारलेल्या माणसाला कुणी फाईव्ह नाईन देतं का? तीन-दोन म्हटलं असतं तरी जास्त झालं असतं. आणि दुपारी तीनला ज्याचा अनुक्रमांक एक आहे, तो माणूस दिवसभरात दुसऱ्या कुणाशी बोललेला नाही, एवढंही माझ्या डोक्यात शिरलं नाही. ते स्पर्धेला आलेच नव्हते, माझ्याकडे आले होते. मला वाटलं, चला, अबोला सुटला आणि एक स्टेशनही मिळालं.

त्या स्पर्धेत माझ्या गटात मी दुसरी आले. पुढच्या रविवारी सातला मोठ्या उत्साहानं सेट लावला. पहिली हाक नेहमी सरांची, म्हणून नुसती कान लावून बसले. खरखर. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मला वाटलं, थकले असतील, आता नको वाटत असेल. फोन करायला काय धाड भरली होती मला? उद्या करू, परवा करू, करता करता उन्हाळा आला आणि फोन तिकडूनच आला. सर गेले, तेरावंही झालं होतं.

अकोल्यापर्यंत एसटी आणि पुढे जीप. सरांच्या पत्नीनं, काकूंनी, मला त्यांच्या खोलीत नेलं. म्हणाल्या, "हे समदं तूच घिऊन जा. हितं कोनाला त्यातलं कळत न्हाई."

आधी बाहेरची तार उतरवली. ऐंशीच्या घरातल्या माणसानं स्वतः हिरड्याच्या झाडावर चढून बांधली होती म्हणे. तार चांगली होती. पण तिच्यापासून सेटपर्यंत येणाऱ्या केबलचा जोड उघडला आणि आतून पाणी निघालं. तांबं हिरवंगार झालेलं. जोराचा आवाज अशातूनही आत येतो, पण आपला बाहेर जाताना केबलच गिळून टाकते. वाईट म्हणजे, सेटवरचा मीटर अशा वेळी सगळं छान दाखवतो. हे फक्त ऐकणाराच सांगू शकतो. मी ऐकणारी होते.

मग त्यांची नोंदवही उघडली. तारमास्तरी अक्षर, एकेक ओळ आखल्यासारखी. स्पर्धेच्या दिवशी एकच नोंद, माझं कॉलसाइन, आणि पुढे: "५९. तार उत्तम." त्याखाली दर रविवार. सकाळी सात, माझं कॉलसाइन, "उत्तर नाही." सकाळी सात, माझं कॉलसाइन, "उत्तर नाही." पान उलटलं तरी तेच. यातल्या किती रविवारी मी इकडे कानाला हेडफोन लावून बसले होते!

मला रडू आवरेना. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हणाल्या, "रडू नगं गं. ते रागावले नव्हते तुज्यावर. म्हनायचे, माजा आवाज तिच्याकडं चांगला जातोय, तिनंच सांगितलं. बोलंल राग गेला की."

मी त्यांना सगळं सांगितलं. जोडातलं पाणी दाखवलं. म्हटलं, "काकू, मी खोटं सांगितलं हो त्यांना. त्यांचा आवाज धड येतच नव्हता माझ्याकडे."

काकूंनी तो हिरवा जोड हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"म्हंजी, तू रुसली नव्हतीस?"