चंद्रावरच्या सशासाठी जळगावचं ताट

पद्मालयाच्या तळ्यात कमळं आहेत असं ऐकलं होतं, पण इतकी असतील असं वाटलं नव्हतं. भाद्रपदातली पौर्णिमा होती. गणपतीचं दर्शन घेतलं, तासभर पाण्याकडे पाहत बसले आणि खुशीतच एरंडोलला आले. बसस्टँडवर भाजलेलं कणीस घेतलं, आणि दुसऱ्याच घासाला माझी दाढ मोडली.

जळगावला पोचेपर्यंत गाल टम्म फुगला. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि न विचारताच सल्ला दिला. "अक्का, चिनी डॉक्टरकडे चाला. हात हलका शे त्यास्ना."

हात खरोखरच हलका होता. डॉक्टर पन्नाशीचे. वडील चीनहून कलकत्त्याला आणि तिथून इथे आलेले. यांचा जन्म जळगावचा आणि मराठी माझ्याइतकंच स्वच्छ. खुर्चीसमोर एक जुनं चित्र होतं. झाडाखाली उभा राहून ससा खलबत्त्यात काहीतरी कुटतोय, पायाशी बेडूक. दाढ निघाल्यावर मी बोटानेच विचारलं, हे काय?

"चंद्रावरचा ससा. अमर होण्याचं औषध कुटतो," डॉक्टर म्हणाले. "आणि बेडूक म्हणजे मुळात एक बाई. नवऱ्याने मिळवलेलं ते औषध एकटीच प्यायली, उडून चंद्रावर गेली, तिथे तिचा बेडूक झाला. आईच्या गोष्टीत तरी असंच आहे."

एवढ्यासाठी बेडूक! मला त्या बाईची बाजू घेऊन भांडायचं होतं, पण तोंडात कापूस होता.

तेवढ्यात आतून आवाज आला, "पोऱ्या, त्या बाईले इचार ना!"

डॉक्टर ओशाळले. आतल्या खाटेवर त्यांची आई होती, घोट्याला पट्टी, बोली पक्की खानदेशी. त्यांच्या पंचांगाप्रमाणे आज आठव्या महिन्याची पौर्णिमा, चंद्राला ताट दाखवायचा दिवस. लग्न झाल्यापासून आजींनी तो चुकवला नव्हता. यंदा गच्चीचा जिना चढवेना. सून लेकीच्या बाळंतपणाला कलकत्त्याला गेलेली. शेजारणी गुलाबाईच्या (मुली महिनाभर जिची गाणी म्हणतात ती पार्वती) तयारीत. ताट चुकलं तर आपला पाय जुळणार नाही, असं आजींनी घेतलं होतं मनाशी, म्हणून ते मी ठेवावं.

"डॉक्टर ठेवतील की ताट," मी कापसाआडून म्हटलं.

"आमनामा माणसं चंद्रनी पूजा करतस नही, माय. बायाच करतस."

घरी मी व्रतवैकल्यांपासून चार हात लांब. शिवाय साडेसातची गाडी गाठायची होती. पण त्या माउलीने हात जोडले आणि मी "बरं" म्हणून बसले.

ताटात केळी, सीताफळं आणि लाकडी साच्यात दाबलेल्या जाड पुऱ्या. आत मुगाचं पुरण, वर सशाचा छाप. आजींनी खाटेवरून हुकूम सोडले होते आणि डॉक्टरांनी त्या केल्या होत्या. मी गच्चीवर गेले. डॉक्टर शेवटच्या पायरीवरच थांबले, पुरुषाला पुढे पाऊल टाकायची सोय नव्हती ना.

चंद्राचा पत्ता नव्हता. पूर्वेला नुसते ढग. खाली पोरींची गाणी सुरू झाली, गाडीची शिट्टी ऐकली. गाडी गेली. मला थोडा राग आला, थोडं हसू आलं. आठच्या सुमाराला डाळमिलच्या पत्र्यांवर ढग फाटला आणि चंद्र बाहेर आला. मी तीन उदबत्त्या लावल्या, हात जोडले आणि चक्क मोठ्याने म्हणाले, "आजींचा पाय बरा कर." लाज अजिबात वाटली नाही.

खाली येताच आजींनी विचारलं, "ससा दखाना का?"

"दिसला, आजी."

"काय करी ऱ्हायना व्हता?"

"कुटत होता."

"कुटू दे," त्या निवांत आडव्या झाल्या. "मन्हा पायनं औषध शे ते."

त्या रात्री मी आजींच्या शेजारी झोपले. सकाळी डाव्या दाढेने पुरी खाल्ली, दोन बरोबर बांधून घेतल्या आणि पहिल्या गाडीने परतले. एका दिवसात मी त्या घरची झाले होते, आणि ते मला फार आवडलं होतं.

दिवाळीत डॉक्टरांचं पत्र आलं. आई भिंत धरून चालायला लागली होती. ज्या हाडवैद्याने दीड महिना लेप लावले, त्याला ती काडीचंही श्रेय देत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

मीही देत नाही.