काष्टीच्या बाजारातली शेळी

मणक्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा साईबाबांना म्हटलं होतं, "मला चालवा, मी गरजू घरात दुभती शेळी देईन." पाय चालू लागले आणि मन मागे सरलं. एका शेळीने कुणाचं काय भलं होणार? शिवाय मी निवृत्त शिक्षिका. शेळीतलं मला काय कळतं!

आमच्या जामखेडकडच्या गावात कमल राहते. नवरा वारल्यापासून ती भावासोबत ऊसतोडीला जायची, आणि दरवर्षी तिच्या लेकीची शाळा बुडायची. यंदा टोळी निघायला आठ दिवस उरले असताना ती म्हणाली, "घरी एखादं दुभतं आसतं ना बाई, तर मी गावातच मजुरी करून भागवलं असतं." मी दचकलेच. माझा नवस तिला ठाऊक नव्हता.

त्याच आठवड्यात काष्टीचा बाजार गाठला. शेकडो शेळ्या, सगळ्या मला सारख्याच दिसत होत्या. एका व्यापाऱ्याने धष्टपुष्ट पांढरी शेळी पुढे केली. मी मनात म्हटलं, "बाबा, मला यातलं काही कळत नाही. तुम्हीच निवडा."

शेजारी एक म्हातारी आपली शेळी विकायला उभी होती. तिने विचारलं, "कुनासाठी घेताय?" मी कमलबद्दल सांगितलं. ती वाकली, पांढरीची कास चाचपली आणि माझा हात धरून मला बाजूला नेलं. "नगा घेऊ. एका बाजूनं कास दगड झालीया, दूध न्हाई यायचं."

"मग तुमचीच द्या ना, आजी."

"माझी लई मारकी हाय. एकल्या बाईला आवरायची न्हाई." स्वतःचं गिऱ्हाईक सोडून ती मला पार टोकाला घेऊन गेली आणि एका धनगराची तांबडी, गाभण शेळी दाखवली. "ही घ्या. गरीब हाय." आभार मानायला वळले, तोवर ती गर्दीत मिसळली होती.

टेम्पो कमलच्या दारात थांबला आणि शेळीला कळा सुरू झाल्या. मी घाबरले, कमलने मात्र पदर खोचला. तासाभरात दोन करडं धडपडत उभी राहिली! लेक टाळ्या पिटत नाचली, कमल हसता हसता रडली. टोळीचा मुकादम आला तेव्हा ती दारातूनच ओरडली, "औंदा न्हाई जमायचं! घरी बाळंतीण हाय!"

लेकीची शाळा वर्षभर चालली. करडं मोठी झाल्यावर कमलने त्यातली मादी, मला न विचारता, पलीकडच्या शेवंताच्या दारात नेऊन बांधली. शेवंताचंही घर तिच्या एकटीच्या जिवावर. कमल मला म्हणाली, "मला मिळाली, मग तिला नको व्हय?"

एका शेळीने काय होणार, हा हिशेब माझा नव्हताच. जे आपल्याला कळत नाही ते बाबांवर सोपवावं आणि आपण बाजाराची वाट धरावी, एवढं मात्र उमगलं. परवा शिर्डीला गेले. हात जोडले, पण मागायला काही सुचेचना. समाधीपुढे उभी राहून मी नुसती हसत होते.