पितळी बिल्ल्यावरचा दुहेरी काना

मी आठवीत असताना माझ्या वडिलांची, आण्णांची, प्रेस गेली. म्हणजे ठसे मारायची ती प्रेस सांगलीजवळच्या कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये होती तिथंच राहिली, गेलं ते आण्णांचं काम. एका साखर कारखान्याच्या कामगारांसाठी पितळी बिल्ले ठोकायची ऑर्डर होती. रुपयापेक्षा जरा मोठा गोल बिल्ला, वर 'कामगार' अशी अक्षरं, खाली नंबरासाठी मोकळी जागा. अक्षरं दुहेरी उमटली म्हणून अख्खा लॉट परत आला. वर्कशॉपच्या मालकांनी सगळ्यांदेखत आण्णांच्या ओंजळीत पाच बिल्ले टाकले आणि म्हणाले, "ने घरी. तुझ्या हातचा नमुना."

आण्णा उलटून बोलले नाहीत, कारण त्यांना वाटलं चूक आपलीच. त्या आठवड्यात प्रेसचा रॅम, म्हणजे वरून आपटणारा भाग, ढिला झाला होता. मेकॅनिक येईपर्यंत काम थांबू नये म्हणून आण्णांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याची पट्टी फटीत सारली होती. कुपवाडात सगळेच असं करतात. पट्टी सरकली, ठसा हलला आणि ऑर्डर गेली, असं त्यांनी मनात पक्कं धरलं.

पुन्हा ते कुठल्या वर्कशॉपची पायरी चढले नाहीत. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलू लागले. घरी यायचे ते कानाच्या पाळीपर्यंत पिवळे. आई ब्लाउज शिवायची. सकाळी भाजी असली की संध्याकाळी चटणी. माझ्या दप्तराचा बंद तीन वर्षांत चारदा शिवला, दर वेळी वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं. एवढ्यातूनही मी बी.एस्सी. झाले. आमच्या भावकीत दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली, आणि हे मी कुठंही मान वर करून सांगते.

नोकरी लागली शिरवळच्या कंपनीत, माल तपासायच्या खात्यात. खोली घेतली साताऱ्यात. गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या काकांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. एका रविवारी घड्याळाचा सेल बदलून त्यांनी मला सुट्टे द्यायला काढले आणि एकेक नाणं भिंगाखाली धरून बघायला लागले.

"काका, खोटं आहे का?"

"खरंच हाय गं. पर टांकसाळीत कवा कवा लय गंमत हुती. थांब, दावतो."

खणातल्या कागदी पाकिटातून त्यांनी दोन रुपयांचं नाणं काढलं. मी भिंग डोळ्याला लावलं. 'भारत'मधल्या 'भा'चा काना एक नव्हता, दोन होते. दोन्ही पूर्ण, दोन्ही फुगीर, आणि खालच्या टोकाला दोघांच्या मध्ये बारीकशी खाच. हजार हातांतून गेलेल्या नाण्यावर हे कुणालाच दिसलं नव्हतं!

"ह्याला डबल डाय म्हनत्यात. डाय म्हंजे नानं ठोकायचा ठसा," काका म्हणाले.

झालं, मला नादच लागला. कॅन्टीनवाला, एसटीचा कंडक्टर, भाजीवाली मावशी, सगळ्यांकडून मी नोट मोडून चिल्लर घ्यायला लागले. शिरवळच्या वाटेवर खंडाळ्याच्या थांब्यावर चहा पिता पिता नाणी उन्हात तिरकी धरून बघायची. पाच आठवड्यांत चौदा दुहेरी नाणी जमली. रविवारी ती मी ऐटीत काकांच्या टेबलावर ओतली.

काका एकेक नाणं बाजूला सारत गेले. "न्हाई. न्हाई. ह्येबी न्हाई." चौदावं सारलं आणि भिंग काढून माझ्याकडं बघितलं. "चौदाच्या चौदा धक्क्याची, खरं एकबी न्हाई! कॉलेजात काय नुसती हजेरी लावाया जात हुतीस काय गं?"

काकांनी समजावलं की धक्क्याचं दुसरं अक्षर चपटं असतं, पायरीसारखं. खऱ्याची दोन्ही अक्षरं फुगीर असतात.

"पण असं होतं कशानं?"

"त्ये मला काय ठावं? मी घड्याळवाला. ठसं ठोकनाऱ्या मानसाला इचार."

ठसे ठोकणारा माणूस तर माझ्या घरात होता. मी काकांचं ते खरं नाणं आणि एक भिंग पंधरा दिवसांच्या बोलीवर मागून घेतलं आणि पुढच्याच शनिवारी सांगलीची एसटी धरली.

बारा वर्षांत आमच्या घरात कुणी प्रेसचा विषय काढला नव्हता. आण्णा अंगणात बसले होते. मी माझ्या चौदातलं एक नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि म्हटलं, "यावरचं अक्षर दुहेरी आहे. असं कशानं होतं?"

मी पुढं केलेलं भिंग आण्णांनी घेतलंच नाही. अंगठ्याचं नख अक्षरावरून फिरवलं. "ह्यो धक्का हाय. मारताना ठसा हलला. बघ, नख पायरीवर अडाकतंय."

मला पाच आठवड्यांत जे कळलं नव्हतं ते या माणसानं नखानं सांगितलं! मग मी काकांचं नाणं दिलं. त्यावर त्यांनी दोन-तीनदा नख फिरवलं, भिंग मागून घेतलं, नाणं उन्हाकडं वळवलं.

"ह्यात मारताना कायबी हललं न्हाई. ह्याची डायच आशी हाय."

"डाय अशी कशी होते?"

"डाय करताना पोलादात पंच, म्हंजे उठावाच्या अक्षरांचा दांडा, दाबत्यात. एका दाबात पोलाद सगळं अक्षर घेत न्हाई. मग तापवून मऊ करायचं आन परत दाबायचं. दुसऱ्या दाबाला पंच केसभर फिरला, की डायवरच अक्षर दोन."

"आणि त्या डायखालून दुसरा नग काढला तर?"

"त्येच उमटनार. हजार काढ. त्याच जागी, तेवढंच."

"आणि रॅम ढिला असला तर?"

"तवा हरेक नग येगळा. एकात डावीकडं, एकात उजवीकडं, एकात साफ..." एवढं बोलून आण्णा थांबले.

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मी ताडकन उठले. "आई, ट्रंकेची किल्ली कुठाय?"

मालकांनी दिलेले ते पाच बिल्ले आईनं कामाला लावले होते. एक ट्रंकेच्या किल्लीला, एक शेळीच्या गळ्यात आणि तीन शिवणाच्या डब्यात, कापड कापताना वजन म्हणून. चार लगेच मिळाले. शेळी काही केल्या हाती लागेना. आण्णा एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, आणि ती मधून पसार. आई दारातून ओरडत होती, "बाप-लेकीला येड लागलं काय? सोडा की त्या मुक्या जनावराला!"

शेवटी शेळीला पाल्याची लालूच दाखवून धरली. पाचही बिल्ले आईच्या शिलाई मशीनवर ओळीनं मांडले. पहिला घेतला. 'का'चा काना दुहेरी, खाली खाच, शेवटचा 'र' साफ. दुसरा, काना दुहेरी, खाली खाच, 'र' साफ. तिसरा तसाच. चौथा तसाच. शेळीचा घासून गुळगुळीत झाला होता, पण खाच होती, त्याच जागी!

"आण्णा, सगळे सारखे आहेत!" मी एवढ्यानं ओरडले की शेजारीण डोकावली.

आण्णांनी पाचही बघितले. मग पहिल्यापासून परत बघितले. भिंग खाली ठेवून म्हणाले, "म्हंजे पट्टी सरकली न्हवती."

सोमवारी मी रजा टाकली. आण्णा नको नको म्हणत होते. "आता कशाला उकरतीस? त्येबी म्हातारं झालं." मी म्हटलं, "तुमी बोलू नका. नुसतं उभं ऱ्हावा." शेजारणीच्या स्कूटीवर मागं बसवून त्यांना कुपवाडला नेलं.

मालकांचे केस पांढरे झाले होते. ओळखलं त्यांनी. "काय, परत प्रेसवर यायचा इचार हाय काय?"

मी बिल्ले टेबलावर मांडले. पाच वेगळे नग, दुहेरी काना एकाच जागी, म्हणून दोष डायचा, असं सरळ सांगितलं.

"पोरी, पाच नगांवरनं लॉटचा न्याय करतीस व्हय?"

"मग डाय दाखवा."

कुपवाडात डाय कुणी फेकत नाही, पोलाद महाग असतं. एका कामगारानं मागच्या मांडणीतून तेलकट गोणपाटात गुंडाळलेली डाय शोधून आणली, रॉकेलनं पुसली. मी वाकून भिंग लावलं. आत खोल, उलटी अक्षरं. आणि उलट्या 'का'ला दोन काने! मी भिंग मालकांच्या हातात दिलं.

ते बराच वेळ वाकलेले होते. मग सरळ झाले आणि म्हणाले, "प्रेस बंद करा जरा." आवाज थांबला. सगळे कामगार बघायला लागले.

"ह्या डायचा दुसरा दाब मी सवता दिल्ता," मालक म्हणाले. "चूक माजी व्हती आण्णा. तुमची न्हवं."

आण्णा पुढं आले. "पर मालक, रॅमला पत्र्याची पट्टी मी घातली व्हती. कुनाला न इचारता."

मालक हसायलाच लागले. "ती व्हय? या, बघा की." प्रेसजवळ नेऊन त्यांनी फटीत बोट दाखवलं. "आजून तितंच हाय! मेकॅनिक म्हनला, काडू नका, झ्याक बसलीय."

आण्णांनी वाकून पट्टीवरून अंगठा फिरवला. पत्रा गंजला होता, पण जागचा हलला नव्हता.

आता आण्णा हळदीची पोती उचलत नाहीत. त्याच वर्कशॉपमध्ये नवी डाय प्रेसवर चढण्याआधी ती तपासायचं काम त्यांच्याकडं आहे. त्यासाठी मी त्यांना माझ्या पगारातून भिंग घेऊन दिलं. साताऱ्याच्या काकांनी परवा वीस नाणी मिसळून माझ्यापुढं टाकली. त्यातली दोन खरी होती. ती दोन्ही मी ओळखली, एक भिंगानं आणि एक नुसत्या नखानं.