भिकाबाईच्या हातातलं बटण

वारंगा फाट्यावर पिठाची गिरणी चालवणारी भिकाबाई राठोड म्हणजे पक्की खोडकर बाई. दळायला आलेल्या म्हाताऱ्याची टोपी लपवायची आणि त्याच्याबरोबर स्वतःही शोधत बसायची. लेकीला पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या चपलांची तिनं एकदा अशी अदलाबदल केली की मंडळी लंगडतच गाडीत बसली. स्थळ मोडलं, पण भिकाबाईला त्याचं फार वाईट वाटलं नाही.

गिरणीत मात्र चेष्टा बंद. लाईट गेली की आधी वरच्या पेटीची झडप लावायची, दगडांत अडकलेलं दळण काढून ज्याचं त्याला द्यायचं आणि मगच पुन्हा मोटार चालू करायची. नाहीतर मोटार अडते आणि एकाची ज्वारी दुसऱ्याच्या गव्हात जाते.

लेक दिपा घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायची. कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, त्यात एक डिस्क, आणि ती डिस्क हातात धरता येत नाही, कारण ती नसतेच. ती चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, दिपा लिहीत होती. नसलेल्या वस्तूचा पगार मिळतो हे ऐकून भिकाबाईला लेकीचा फार अभिमान वाटला.

"ही डिस्क मधेच रिसेट झाली," दिपानं समजावलं, "तर ड्रायव्हरनं नवीन मागणी थांबवायची, अर्धवट राहिलेल्यांचा निकाल लावायचा, आन् मग पुन्हा सुरू करायचं. तुझ्या गिरणीसारखंच हाय, याडी." आईला ती बंजारा बोलीत याडी म्हणायची.

वरिष्ठ साधना मॅडमच्या परीक्षेत ड्रायव्हर टिकला तर दिपाला पुण्याच्या टीममध्ये जागा मिळणार होती. राहायचंही तिकडंच. भिकाबाईचा नवरा किसनसिंग सदा ट्रकवर, म्हणजे घरात उरणार ती आणि गिरणी. तोंडानं ती "जा की" म्हणायची, पण लेक जाऊ नये असंच तिला वाटायचं.

एका सकाळी दिपानं लॅपटॉप तिच्यापुढं सरकवला. "हे रिसेटचं बटण. तुला वाटंल तवा दाब. मॅडमच्या आधी तू तपास."

भिकाबाईनं दाबलं. डिस्क बंद पडली आणि सावरू लागली. ती सावरते आहे तोवर भिकाबाईनं पुन्हा दाबलं. पडदा गपकन थिजला. तिच्या मनात लाडू फुटले.

"मोडलं काय गं?" तिनं भोळ्या चेहऱ्यानं विचारलं.

दिपा रागावली नाही. पहिल्या रिसेटची आवराआवर चालू असतानाच दुसरा रिसेट आला होता आणि जुन्या मागणीचं उत्तर नवीनच्या पदरात पडलं होतं. तिनं दुरुस्ती केली. एक आवराआवर पुरी झाल्याशिवाय दुसरी सुरू करायची नाही, आणि नवीन मागण्या घेण्याआधी मधे आणखी झटका बसला का ते बघायचं.

मग भिकाबाई इरेला पेटली. डिस्क भरत असताना दाबायची, बंद होत असताना दाबायची, भाकरी थापता थापता पिठाच्या बोटानं दाबायची. मोडलं की गालात हसायची. दिपा नीट करायची की हिचा चेहरा पडायचा. शेवटी एका दुपारी तिनं बटण रागारागानं बडवलं, तरी ड्रायव्हर डगमगला नाही.

मॅडमच्या परीक्षेत मग काही अडलंच नाही.

दिपा पुण्याला जायला बॅग भरत होती तेव्हा भिकाबाईला राहवेना. "पोरी, मी तुझी मदत न्हाई केली. तू जाऊ नये म्हणून दाबून राहिले होते."

"ठाऊक हाय," दिपा कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "म्हणूनच बटण तुला दिलं. दुसऱ्या कुणी इतकं जीव लावून दाबलं असतं का?"

भिकाबाईनं तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि रडायला लागली. जन्मभर तिनं सगळ्यांच्या खोड्या काढल्या, पण तिची खोडी काढणारी एकच निघाली, आणि ती आता संध्याकाळच्या गाडीनं चालली होती.