कोअरचा पेपर

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. पदवी वाणिज्याची आहे. विज्ञानाची का नाही, हे मला कधी कुणी विचारलं नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

तालुक्याच्या गावात नववीपर्यंत शिकले. मग बाबांना ऑकलंडमध्ये वेल्डरचं काम मिळालं आणि आम्ही तिथल्या माउंट रॉस्किल उपनगरात भाड्याच्या घरात राहायला आलो. तिथल्या माझ्या शाळेत काही वर्ग ब्रिटिश अभ्यासक्रमाचे होते. त्यात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून एकच विषय, कम्बाइन्ड सायन्स. परीक्षेला मात्र पेपर दोन प्रकारचे, सोपा कोअर आणि वरचा एक्स्टेंडेड. एक्स्टेंडेड देणाऱ्याला ए मिळू शकत असे. कोअरचा पेपर पूर्ण बरोबर सोडवला तरी सीच. आणि पुढच्या वर्षी केमिस्ट्री घ्यायला आमच्या शाळेत बी लागत असे. मला फार्मसिस्ट व्हायचं होतं.

आले तेव्हा माझं इंग्रजी अडखळत होतं, म्हणून मला कोअरमध्ये घातलं. पुढे इंग्रजी सुधारलं, चाचण्यांत मार्क वाढले, तरी नाव तिथंच राहिलं.

दोन पेपरांतला हा फरक मला शेजारी बसणाऱ्या, फिजीहून आलेल्या मैत्रिणीने सांगितला. "तुझ्या बाबांना विचारायला लाव. माझ्या मम्मीने विचारलं आणि सायन्सच्या मिसने दुसऱ्या दिवशी माझं नाव एक्स्टेंडेडमध्ये घातलं. तू स्वतः काही विचारायची नाहीस. तू तर बर्नर पेटला तरी त्याला थँक्यू म्हणतेस."

पालकसभेला प्रत्येकाला दहा मिनिटं होती. बसमध्ये मी बाबांना म्हटलं, "एवढंच म्हणा, हिला वरचा पेपर देऊ द्या."

"मास्तरांना असं सांगतात होय? त्यांनी विचार करूनच ठेवलं असेल ना."

गावात माझे गुरुजी आपणहून घरी येऊन सांगून गेले होते की, हिला स्कॉलरशिपला बसवा. शिक्षकांनी सांगायचं आणि आपण ऐकायचं, याच वाटेने बाबांनी मला इथवर आणलं होतं. त्यांना चूक कशी म्हणू?

मिसने माझी वही उघडून दाखवली. "ती आता खूप छान करते आहे. पुढच्या वर्षाबद्दल तुम्हाला काही विचारायचंय?"

मी शब्द न् शब्द मराठीत सांगितला. बाबांनी आईने दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा टेबलावर ठेवला आणि हात जोडले. "त्यांना म्हणावं, परक्या मुलीला तुम्ही पदरात घेतलंत, तुमचे फार उपकार आहेत."

तेही मी सांगितलं. मिसचा चेहरा लाल झाला. तिने डबा जवळ घेतला आणि माझ्याकडे बघून पुन्हा विचारलं, "काहीच प्रश्न नाही?"

इंग्रजी वाक्य माझं पाठ होतं. पण बाबा हात जोडूनच बसले होते. त्यांच्यादेखत त्यांचा शब्द मोडणं मला जमलं नाही. "नो मिस, थँक्यू."

पुढच्या सोमवारी मी एकटी प्रयोगशाळेत गेले. मिसने ऐकून घेतलं, मग खुर्चीत मागे टेकून म्हणाली, "परीक्षेची नावं शुक्रवारीच बोर्डाकडे गेली गं. मी तुला विचारलं होतं ना." ती रागावली असती तर बरं झालं असतं.

नोव्हेंबरात पेपर दिला. अर्ध्या वेळात संपला. उरलेला वेळ मी उत्तरं पुन्हा पुन्हा तपासत बसले. एकही चुकलं असेल असं वाटत नव्हतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

जानेवारीत निकाल लागला. सी. बाबांनी गावी फोन लावला. "पास झाली. इंग्लंडच्या परीक्षेत पास झाली."

शाळा उघडली तेव्हा विषयांचा फॉर्म सहीसाठी घरी आणला. अकाउंटिंग, इकॉनॉमिक्स, मॅथ्स, इंग्लिश. बाबांनी बोट ठेवत एकेक विषय वाचला.

"यात केमिस्ट्री कुठंय?"

"मला नको होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आई ओट्याशी पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. बाबा आणखी काही विचारतील असं मला वाटलं, आणि त्यांनी विचारू नये असंही वाटलं.

"कुठं सही करायची?" ते म्हणाले.

मी जागा दाखवली.