एका कानात सभासद, दुसऱ्या कानात संगणक

ऑपरेटर एका कानाने माणसांचं ऐकत आणि दुसऱ्या कानाने संगणकाचं. डाव्या कानाला टेलिफोनचा रिसीव्हर, उजव्या कानात इअरफोन. सभासद फोनवर खाते क्रमांक सांगे, ऑपरेटरांची बोटं कीबोर्डवर चालत आणि इअरफोनमधली बाई त्यांना पडद्यावर आलेलं सगळं वाचून दाखवी. तिच्या बोलण्याचा वेग त्यांनी इतका वाढवून ठेवला होता, की मी एकदा तो इअरफोन कानाला लावून पाहिला तर फोडणीत मोहरी तडतडावी तसं काहीतरी ऐकू आलं. एक शब्द कळला नाही.

"सावकाश लावून देऊ का?" त्यांनी विचारलं. "डोळस माणसाला जड जातं ते."

त्यांचे डोळे लहानपणीच तापात गेले होते. सातपूरमधल्या कामगारांच्या आमच्या पतसंस्थेत ते टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. पुढे फोन जोडून देण्याचा तो बोर्ड काढून टाकला, प्रत्येक टेबलावर फोन आले, पण ऑपरेटर हे नाव राहिलं. बोर्ड गेल्यावर त्यांनी स्वतःहून संगणकाचं शिक्षण घेतलं आणि चौकशीचं काम मागून घेतलं. शिल्लक किती, हप्ता कधी, व्याज कसं लागलं, एवढंच काम. पण ते दिवसभर चाले, आणि मी हिशेब विभागात असल्याने सांगू शकतो, त्यांनी सांगितलेला आकडा कधी चुकला नाही.

त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "थांबा, बघतो." त्यामुळे असेल, पण फोन करणाऱ्या बहुतेक सभासदांना ते अंध आहेत याची कल्पनाच नव्हती. लोक त्यांच्याशी मोकळेपणाने भांडत. तेही सोडत नसत. मालेगावकडचा एकजण पहिल्या पाळीला जाता जाता फोन करी, "भाऊ, मना खातामा कितला पैसा शेतस?" ऑपरेटर त्याच्याच बोलीत उत्तर देत, "खातं शे, पैसा नही." मग दोघंही हसत आणि नंतर खरा आकडा सांगितला जाई. मी एकदा म्हटलं, "लोकांना सांगून ठेवा, म्हणजे जरा नीट बोलतील." ते म्हणाले, "नीट बोलायला लागले की संपलं, अकाउंटंट साहेब. मग ते खातं विचारत नाहीत, तब्येत विचारतात."

आमचा हिशेबाचा प्रोग्रॅम फार जुना, विंडोजसाठी लिहिलेला. लिहिणाऱ्याने धंदा केव्हाच बंद केला होता आणि प्रोग्रॅममध्ये बदल करायला लागणारं मूळ लिखाण कोणाकडेच नव्हतं. जुने संगणक सुरक्षित राहिले नाहीत, ते नेटवर्कच्या जाळ्यावर ठेवू नका, असा लेखापरीक्षकांचा शेरा आला. नव्या विंडोजवर तो प्रोग्रॅम उघडेना. तेव्हा देवरे मॅडम नावाच्या तरुण इंजिनिअरने मार्ग काढला. नव्या संगणकांवर विंडोजऐवजी लिनक्स घालायचं आणि त्यावरच हा विंडोजचा प्रोग्रॅम चालवायचा.

"कसा चालणार?" मी विचारलं.

"मध्ये एक थर असतो, सर. प्रोग्रॅमला वाटतं आपण विंडोजवरच आहोत. तो जे मागतो ते हा थर लिनक्सच्या गाभ्याला समजेल असं करून पुढे देतो. गाभा दुसरा, पण प्रोग्रॅमला पत्ता नाही."

चाचणीला मीच बसलो. जमा, नावे, व्याज, तेरीज, पासबुकाची छपाई. जुन्या यंत्रावरचं आणि नव्या यंत्रावरचं शेजारी ठेवून तपासलं. एका पैशाचाही फरक नव्हता. मी सही केली. ती सही बरोबर होती, आजही तीच करीन. प्रोग्रॅम चालत होता.

सोमवारी ऑपरेटर नव्या यंत्रासमोर बसले. लिनक्सवरही वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आहे, तो मॅडमनी घालून ठेवला होता. तो इतर सगळं वाचत होता. हिशेबाची खिडकी उघडली तेव्हा त्याने तिचं नाव वाचलं आणि गप्प झाला. ऑपरेटरांनी बाण दाबले, टॅब दाबला. काही नाही. डाव्या कानात एक सभासद ताटकळत होता.

देवरे मॅडम धावत आल्या, बराच वेळ खटपट करून खुर्चीत मागे टेकल्या. "वाचणारा प्रोग्रॅम पडदा बघत नाही," त्या म्हणाल्या. "तो प्रत्येक खिडकीला विचारतो, तुझ्यात काय लिहिलंय? बाकीच्या खिडक्या सांगतात. ही त्या थराच्या पलीकडची आहे, आणि हा प्रश्न तो थर पलीकडे नेतच नाही. त्यामुळे याच्या लेखी ही खिडकी कोरी आहे."

"तुम्हाला दिसतंय ना?" ऑपरेटरांनी विचारलं.

"हो."

"आकडे बरोबर?"

"बरोबर आहेत."

"मग चालतंय म्हणा की."

मॅडमनी प्रयत्न सोडले नाहीत, हे नोंदवलं पाहिजे. विंडोजचाच वाचणारा प्रोग्रॅम त्यांनी थराच्या आत बसवून पाहिला. तो पहिलंच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणत अडकून पडे. मग पडद्याचं चित्र काढून त्यातली अक्षरं ओळखणारं काहीतरी लावलं. ते बोललं. ऑपरेटरांचा चेहरा उजळला, त्यांनी मला हाक मारली. मी पडदा पाहत होतो आणि ते ऐकलेलं म्हणून दाखवत होते. तिसऱ्याच खात्यात त्याने आठाचा तीन केला. त्यांनी इअरफोन काढून टेबलावर ठेवला. "चुकीचं वाचणारं यंत्र लोकांच्या पैशावर नको." पुढे जुनं यंत्र ऑपरेटरांच्या एकट्यापुरतं चालू ठेवता येईल का, हे मी अर्ज करून विचारलं. उत्तर आलं, ते जाळ्यावर ठेवायचं नाही, आणि जाळ्याबाहेर त्यात आजची शिल्लक दिसणार नाही. नियमही खोटा नव्हता. सगळ्या बाजूंनी बघितलं तरी कोणाकडे बोट दाखवता येत नव्हतं.

मॅनेजर साहेब चांगले होते. म्हणाले, "तुम्ही निवांत बसा, पगाराची काळजी करू नका."

"बसायला घरी पलंग आहे, साहेब," ऑपरेटर म्हणाले. "वाटेत बस बदलून मी इथे नुसता बसायला येत नाही."

मग त्यांना फोन उचलून दुसऱ्या टेबलाला जोडून द्यायचं काम दिलं. "थांबा, बघतो" गेलं, "थांबा, जोडून देतो" आलं. सभासद चिडू लागले. "तुम्हीच सांगा ना, आधी सांगत होतात की." शेजारच्या टेबलावर असल्याने मला पलीकडचे आवाज येत. मी पुन्हा म्हटलं, "आता तरी खरं कारण सांगा." ते म्हणाले, "आधी नाही सांगितलं, आता कामचुकारपणाची सबब म्हणून सांगू?"

एके दुपारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर तावातावाने आत आले. "कोण तो फोनवरचा? पूर्वी चटकन सांगायचा, आता इकडून तिकडे टोलवतो. माज आलाय का?"

ऑपरेटर आवाजाच्या दिशेने वळले. "मीच तो. बोला."

फिटरांनी त्यांचे डोळे पाहिले, टेबलाला टेकवलेली पांढरी काठी पाहिली. आवाज एकदम खाली आला. "असू द्या, असू द्या. मला माहीत नव्हतं हो. तुमच्याकडून कसं व्हायचं हे." त्यांनी ऑपरेटरांच्या खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि काही न विचारता निघून गेले.

"गेला का?" ऑपरेटरांनी विचारलं.

"गेले."

"भला माणूस आहे. दर तिमाहीला भांडायचा माझ्याशी, व्याजावरून." काठी नीट टेकवत म्हणाले, "आता नाही भांडणार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहायला सांगितला. कारणाच्या जागी काय लिहू, विचारलं तर म्हणाले, "घरगुती लिहा. घरीच जातोय." मी त्यांना समजावलं, नोकरीची वर्षं शिल्लक आहेत, निवृत्तिवेतनात फरक पडेल, सगळं आकड्यात मांडून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आकडे बरोबर आहेत," म्हणाले, आणि त्यांचं बोट सहीच्या जागेवर ठेवून द्यायला सांगितलं.

निरोपाला शाल, श्रीफळ झालं. मॅनेजर साहेब त्यांच्या जिद्दीबद्दल बोलले. उत्तरादाखल ऑपरेटर एवढंच बोलले, "जिद्द वगैरे काही केली नाही. नोकरी केली." खाली बसताना खुर्ची थोडी सरकलेली होती, चारजण एकदम धरायला धावले.

काही महिन्यांनी देवरे मॅडमचा फोन आला. त्या थराची नवी आवृत्ती आली होती, त्यात थोडी सुधारणा दिसत होती. त्या येऊन रिकाम्या टेबलावरच्या यंत्रात ती घालून गेल्या. मी इअरफोन लावून, वेग अगदी कमी करून ऐकलं. संध्याकाळी ऑपरेटरांना घरी फोन केला.

"बटणांची नावं वाचतंय आता," मी म्हटलं.

"आकडे?"

"आकडे नाही."

"बरं." मग त्यांनी माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं, मी सांगितलं. वहिनींनी चहाला हाक मारलेली मला ऐकू आली. "ठेवतो," ते म्हणाले.

त्यानंतर आणखी दोन आवृत्त्या आल्या. दोन्ही वेळा मी इअरफोन लावून पाहिला. ऑपरेटरांना फोन केला नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं.