सुया लावलेली दगडाबाई

मी मरिया. मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. निवृत्त झाल्यावर अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि पाथर्डीत स्टँडजवळ एक खोली घेतली. दोन कॉट, एक पंखा. दिवसभर लोकांना सुया लावते. माझे गुडघे मात्र ठणकतच राहतात. मला कोण लावणार?

दगडाबाई गेल्या पौषात आली, नातीच्या खांद्यावर हात टाकून. दिवाळी झाली की यांचं गाव ऊसतोडीला निघून जातं. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. गाव रिकामं झालं की ही बाई गोधडी डोक्यावरून ओढून घ्यायची, ती गुढीपाडव्याला माणसं परतली की काढायची. दर वर्षी हेच. "दुखत काईच न्हाई, सिस्टर. उठूच वाटत न्हाई," एवढंच म्हणायची. मग भाकऱ्या थापायची नात, अश्विनी. सहावीतली पोर ती. कसली शाळा न् कसलं काय!

मी दगडाबाईला आधी सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. गोळी सुरू झाली. जोडीला दर आठवड्याला माझ्या सुया, कपाळाला, मनगटाला, पायाला. सुयांनी जादू होते असं मी कधी म्हणत नाही. पण हळूहळू ती उठून चूल पेटवायला लागली, एवढं खरं.

तिचा मुलगा सहादेव, अश्विनीचा बाप, मात्र ऐकेना. "आईचा भरवसा न्हाई. यंदा पोरगी आमच्यासंगं उसाच्या फडावर," असं त्याने दसऱ्यालाच सांगून टाकलं. फडावर गेलेली पोरगी पुन्हा शाळेत किती टिकते, ते मी इतकी वर्षं बघतेय. संताप आला. पण बोलून बोलून मीही थकलेय.

टोळी निघाली त्या दिवशी दगडाबाई माझ्याकडेच होती, सुया लावून कॉटवर पडलेली. ट्रक दारात थांबला. वर भांडीकुंडी, शेळ्या, बायामाणसं आणि कोपऱ्यात रडून डोळे सुजलेली अश्विनी. सहादेव निरोप घ्यायला आत आला.

"पोरीला खाली उतरव," दगडाबाई पडल्यापडल्याच म्हणाली.

"आन् तू परत निजलीस तर?"

"निजंन. मग हितं यीन."

"सुयांनी कुठं मन बरं व्हतं व्हय?"

माझं डोकंच फिरलं. "पड बाबा त्या कॉटवर! आधी स्वतः बघ, मग बोल."

काय वाटलं कोण जाणे, तो आडवा झाला. कपाळाला दोन सुया लावल्या आणि तिसरी हातात घेतेय तोवर गडी घोरायला लागला. किती वर्षांचा शीण असेल तो! मला त्याची फार दया आली.

बाहेर टोळीच्या मुकादमाने हॉर्न धरला तो सोडेचना. मी गुडघ्यावर हात ठेवून उठेपर्यंत दगडाबाईच उठली.

"अगं बाई, सुया!" मी ओरडले.

तिने ऐकलं नाही. तशीच, सुयांसकट, अनवाणी रस्त्यावर गेली.

"बंद कर तो भोंगा! माझा लेक निजलाय."

मुकादमाने हॉर्नवरचा हात काढला.

सहादेव जागा होऊन दारात आला होता. भर रस्त्यात उभ्या आईकडे तो बघतच राहिला. मग ट्रकवर चढला, अश्विनीचं बोचकं खाली दिलं आणि तिला उचलून आजीजवळ उभं केलं.

"सिस्टर, ह्या काढा," माझ्यापुढे कपाळ करत तो म्हणाला. "पाडव्याला आलो की परत लावा. लई दिसांनी झोप लागली."